‘द सिम्पसन्स’ बघायला घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

ही कार्टून मालिका आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातलं पाच माणसांचं एक घर. होमर अणुऊर्जा प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक आहे आणि सुरक्षेचं त्याला काडीचं ज्ञान नाही. मार्ज घर सांभाळते. बार्ट 10 वर्षांचा आणि वांड, लिसा 8 वर्षांची आणि हुशार, मॅगी 1 वर्षाची, तोंडात कायम चोखणी. घराभोवती अख्खं गाव आहे: शेजारचे देवभोळे नेड फ्लँडर्स, मो याचा बार, लाचखाऊ महापौर, सुस्त पोलीसप्रमुख, अब्जाधीश मालक मिस्टर बर्न्स. शाळा, चर्च, टीव्ही, जाहिराती, निवडणुका, डॉक्टर, वकील, सगळ्यांची खिल्ली उडवली जाते. ज्या फॉक्स वाहिनीवर मालिका लागते तीसुद्धा सुटत नाही.

पण हे पाच जण एकमेकांना धरून आहेत. भांडतात, चिडतात, पैशाची ओढाताण सोसतात आणि रात्री एकाच सोफ्यावर येऊन बसतात. विडंबन टिकलंय ते या जिव्हाळ्यावर. तो समजला नाही तर मालिका नुसती टवाळी वाटते.

सुरुवात कधी आणि कशी झाली?

19 एप्रिल 1987 रोजी ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमात मिनिट-दोन मिनिटांचे छोटे तुकडे म्हणून. असे 48 तुकडे दाखवले गेले. पात्रं मॅट ग्रेनिंग यांची (स्पेलिंग पाहून अनेकजण ग्रोनिंग म्हणतात, खरा उच्चार ग्रेनिंग). त्यांनी नावं घरातलीच घेतली: वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःच्या जागी त्यांनी बार्ट ठेवला, कारण त्या नावाची अक्षरं उलटसुलट केली की ‘ब्रॅट’ म्हणजे ‘कार्टं’ असा इंग्रजी शब्द होतो. सिम्पसन कुटुंबाचा पत्ता 742 एव्हरग्रीन टेरेस. ग्रेनिंग लहानाचे मोठे झाले तो पोर्टलंडमधला रस्ताही एव्हरग्रीन टेरेसच.

अर्ध्या तासाची मालिका करताना जेम्स एल. ब्रुक्स आणि सॅम सायमन हे दोघं सोबत होते. ब्रुक्स यांनी करारात एक कलम घालून घेतलं की वाहिनीने मजकुरात ढवळाढवळ करायची नाही. एवढी वर्षं मालिका स्वतःच्याच वाहिनीला चिमटे काढू शकली, त्याचं मूळ या कलमात आहे. सायमन यांनी लेखकांची पहिली फळी उभी केली आणि गावातली कितीतरी पात्रं घडवली. त्यांचं नाव ग्रेनिंग यांच्याइतकं लोकांच्या तोंडी नाही, ते असायला हवं.

पहिला भाग नाताळचा कसा काय?

कारण खरा पहिला भाग फसला. ‘सम एन्चांटेड इव्हनिंग’ हा भाग आधी तयार झाला होता. कोरियाहून रंगून आलेलं काम पाहिल्यावर निर्मात्यांच्या पोटात गोळा आला. माणसं आणि वस्तू रबराच्या असल्यासारख्या वाकत होत्या, हाडामासाचं काही वाटतच नव्हतं. जुन्या कार्टूनमध्ये ते चालून जातं, इथे चालणार नव्हतं. घर खरं वाटलं नाही तर घरातल्या माणसांचं दुःख खरं कसं वाटणार?

दुसरा भाग ‘बार्ट द जीनियस’ डेव्हिड सिल्व्हरमन यांनी दिग्दर्शित केला होता. तो नीट आला आणि मालिका वाचली. पहिल्या भागाचं जवळपास 70 टक्के काम पुन्हा करावं लागलं, त्यामुळे शरद ऋतूत सुरू व्हायची मालिका डिसेंबरवर गेली. 17 डिसेंबर 1989 रोजी नाताळचा भाग आधी दाखवला गेला आणि फसलेला भाग दुरुस्त होऊन 13 मे 1990 रोजी, पहिल्या सीझनच्या शेवटी आला. सिल्व्हरमन यांच्या भागातली शिस्त पुढे कायम राहिली: जग घन आहे, पडलं की लागतं, उडी मारली की खाली यावंच लागतं.

एक भाग तयार व्हायला किती वेळ लागतो?

कल्पनेपासून प्रक्षेपणापर्यंत साधारण 9 महिने. क्रम असा:

1. एका लेखकाची कल्पना सगळ्यांसमोर मांडली जाते. पटली तर तोच लेखक पहिला खर्डा लिहितो. श्रेय त्याच्या नावावर जातं, पण पुढे सगळी लेखकमंडळी एका खोलीत बसून ओळन् ओळ पुन्हा लिहितात.
2. मग वाचन, आपल्याकडे नाटकाचं पहिलं वाचन होतं तसं. कलाकार टेबलाभोवती बसून संहिता वाचतात, बाकीचे ऐकतात. ज्या विनोदाला हशा येत नाही तो गेला.
3. दुरुस्त संहितेवर आवाज मुद्रित होतात. आवाज आधी, चित्र नंतर. ओठांच्या हालचाली, भुवया, हात, सगळं त्या आवाजाबरहुकूम काढलं जातं.
4. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमाने काढलेली चित्रं, आणि त्यावरून अॅनिमॅटिक, म्हणजे आवाजाला जोडलेली कच्ची काळी-पांढरी चित्रं. ती पाहून लेखक पुन्हा कापाकापी करतात.
5. पात्रांच्या मुख्य मुद्रा आणि पार्श्वभूमी अमेरिकेत ठरतात. मधली चित्रं आणि रंगकाम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमध्ये होतं.
6. रंगीत प्रत परत आली की शेवटची पाहणी. इथेही विनोद बदलतात, पण आता प्रत्येक बदल महाग पडतो.
7. संगीत, ध्वनिपरिणाम, मिश्रण.

आकडा कळावा म्हणून सांगतो. भाग 22 मिनिटांचा धरला आणि सेकंदाला 24 चौकटी मोजल्या तर 31,680 चौकटी होतात. दर दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी 15,840 चित्रं. त्यात एकाच चौकटीत चार-पाच पात्रं असली की प्रत्येकाचं काम वेगळं. 2002 च्या सुमारास हाताने रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांऐवजी संगणकावर रंग भरायला सुरुवात झाली. सीझन 12 आणि सीझन 15 चा एकेक भाग शेजारी लावून पाहिला तर रेषेतला फरक चटकन दिसतो: जुनी रेषा जाड-बारीक होते, नवी एकसारखी असते. आम्हाला जुनीच जास्त जिवंत वाटते.

ताज्या बातम्यांवर विनोद का नसतात?

वरचे 9 महिने हेच कारण. म्हणून मालिका एखाद्या घटनेपेक्षा स्वभावाला हात घालते. मात्र घाई करावी लागली तर करतातही. जानेवारी 1992 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) भाषणात म्हणाले की अमेरिकी कुटुंबं सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन्स हे महामंदीच्या काळात गुण्यागोविंदाने नांदणारं टीव्हीवरचं जुनं कुटुंब. तीनच दिवसांत एका पुनःप्रक्षेपणाच्या आधी छोटा तुकडा जोडला गेला. त्यात बार्ट म्हणतो की आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थना करतोय.

मागे हशा का ऐकू येत नाही?

मुद्दामच ठेवलेला नाही. त्या काळच्या बहुतेक कौटुंबिक विनोदी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा असायचा आणि प्रत्येक हशासाठी दोन सेकंद थांबावं लागायचं. इथे ते सेकंद वाचले आणि त्यांत आणखी विनोद बसले. दुकानाची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा, चर्चबाहेरचा फलक हे अर्धा-एक सेकंद दिसून जातात. चित्र थांबवून वाचा, ते त्यासाठीच लिहिलेले असतात.

सुरुवातीची शीर्षकं दर वेळी वेगळी का?

तीन गोष्टी बदलतात: बार्ट फळ्यावर शिक्षा म्हणून लिहितो ते वाक्य, लिसाच्या सॅक्सोफोनची धून आणि शेवटी सोफ्यावर बसतानाची गंमत. यामागे एक व्यावहारिक सोयही आहे. भाग लांबला तर शीर्षकं कापायची, भाग कमी पडला तर सोफ्याची गंमत लांबवायची. ‘केप फिअर’ (1993) भाग लांबीला कमी पडला, म्हणून सोफ्याच्या जागी अख्खी सर्कस आणली. तरीही वेळ उरला. मग बार्टचा वैरी साइडशो बॉब दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा थोबाडावर बसतो, हा प्रसंग वाढवला. एकदा हसू येतं, तिसऱ्यांदा कंटाळा, पाचव्यांदा वैताग, आणि नवव्यांदा माणूस पोट धरून हसतो. होय, नऊ वेळा, मोजून पाहा. दर वेळी तोच धप्प आवाज आणि तोच कण्हण्याचा सूर. वेळ भरून काढायला केलेली ही युक्ती मालिकेतल्या सर्वांत लाडक्या प्रसंगांपैकी एक ठरली.

दुकानाच्या गल्ल्यावर मॅगी स्कॅन होते तिथला आकडाही बघा. जुन्या शीर्षकांत 847.63 डॉलर दिसतो. फेब्रुवारी 2009 पासूनच्या नव्या शीर्षकांत 243.26 चे दुप्पट होऊन 486.52 होतात.

सगळे पिवळे का? आणि चारच बोटं का?

पिवळा रंग क्लास्की चुपो स्टुडिओतल्या रंगतज्ज्ञ ग्योर्जी पेलुस यांनी निवडला. बार्ट, लिसा आणि मॅगी यांच्या कपाळावर केसांची वेगळी रेषाच नाही, कातडी सरळ केसांत जाते. त्यामुळे दोन्हींना चालेल असा एक रंग हवा होता. चार बोटं ही कार्टूनची जुनी रीत: हजारो चित्रांत एकेक बोट कमी म्हणजे श्रम कमी.

होमर काढून पाहायचा असेल तर कानावरचे केस इंग्रजी ‘एम’ आणि कान ‘जी’ अक्षरासारखा काढा. मॅट ग्रेनिंग यांची ती आद्याक्षरं आहेत. बार्टच्या डोक्यावर नऊ टोकं. आठ झाली की चेहरा काहीतरी चुकल्यासारखा दिसतो आणि का ते पटकन लक्षात येत नाही.

आवाज कोणाचे?

सहा जणांवर गाव उभं आहे. डॅन कास्टेलानेटा म्हणजे होमर, आजोबा, क्रस्टी विदूषक, बार्नी आणि महापौर क्विम्बी. ज्युली कॅव्हनर म्हणजे मार्ज आणि तिच्या दोन्ही बहिणी. नॅन्सी कार्टराइट बार्ट करतात, शिवाय नेल्सन आणि राल्फही. त्या लिसाच्या भूमिकेसाठी चाचणीला आल्या होत्या, बार्टचं वर्णन वाचून त्यांनी तो वाचून दाखवायची परवानगी मागितली. यार्डली स्मिथ लिसा. हँक अझेरिया मो आणि पोलीसप्रमुख विगम. हॅरी शिअरर बर्न्स, स्मिदर्स आणि फ्लँडर्स. म्हणजे मालक आणि त्याचा हुजऱ्या एकमेकांशी बोलतात तेव्हा एकच माणूस दोन्ही बाजूंनी बोलत असतो.

होमरचा तो प्रसिद्ध ‘डोह’ संहितेत तसा लिहिलेलाच नसतो. तिथे फक्त ‘वैतागून हुंकार’ अशा अर्थाची सूचना असते. कास्टेलानेटा यांनी लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांतल्या जेम्स फिनलेसन यांचा लांबलचक हुंकार घेतला आणि तो आखूड केला. 2001 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने त्याला जागा दिली.

कुठून सुरुवात करावी?

पहिल्या सीझनपासून नको. चित्रं अजून बसलेली नाहीत, होमरचा आवाजही वेगळा आहे. सीझन 3 ते 8 हा बहराचा काळ. त्यातही आधी हे चार बघा: ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ (1993), गावाला उल्लू बनवणाऱ्या विक्रेत्याची गोष्ट, ‘लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड’ (1993), दातांच्या विम्यासाठी झालेला संप, ‘होमर्स एनिमी’ (1997), कष्टाळू माणसाला होमरचं नशीब पाहवत नाही, आणि ‘अँड मॅगी मेक्स थ्री’ (1995).

या शेवटच्या भागाबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. मुलं विचारतात की अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत. होमर सांगू लागतो. कर्ज फिटलं म्हणून त्याने प्रकल्पातली नोकरी थाटात सोडली होती आणि बोलिंगच्या क्लबमध्ये आवडीचं काम धरलं होतं. मग मॅगीची चाहूल लागली आणि त्या पगारात भागेना. तो बर्न्सपुढे हात पसरत परत गेला. बर्न्सने त्याच्या टेबलासमोर एक मोठी पाटी ठोकली: विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. शेवटच्या दृश्यात कळतं की मॅगीचे सगळे फोटो होमरने त्या पाटीवर चिकटवलेत. इंग्रजी अक्षरं अशी झाकली आहेत की उरलेल्या अक्षरांतून ‘डू इट फॉर हर’ एवढंच वाचता येतं: तिच्यासाठी कर. संवाद नाही, फक्त पाटी. नोकरी, कर्ज, अपमान आणि बाप, सगळं एका चित्रात. विडंबन आणि माया एकत्र कशी नांदतात हे कोणी विचारलं तर आम्ही हीच चौकट दाखवतो.

जुने भाग कापलेले दिसतात. असं का?

सीझन 20 च्या मध्यापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी 2009 पर्यंत, मालिका जुन्या चौकोनी टीव्हीच्या 4:3 आकारात बनत होती. रुंद पडदा भरायचा म्हणून काही ठिकाणी चित्राचा वरचा-खालचा भाग कापून दाखवतात. डिस्ने प्लसने नोव्हेंबर 2019 मध्ये तसंच केलं. प्रेक्षक चिडले आणि मे 2020 मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला.

नुकसान काय होतं ते ‘डफलेस’ (1993) भागात दिसतं. बिअरच्या कारखान्यात तीन मोठ्या टाक्या आहेत: डफ, डफ लाइट, डफ ड्राय. वर पाहिलं तर तिन्ही टाक्यांत एकाच नळातून बिअर येते. जाहिरातबाजीवरचा अख्खा विनोद त्या नळात आहे, आणि कापलेल्या चित्रात नळच गायब.

तपासायचं कसं? 2009 च्या आधीचा भाग लावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असतील तर चित्र पूर्ण आहे. पडदा काठोकाठ भरला असेल तर बहुधा कापलेलं आहे. भागाच्या माहितीपानावर किंवा सेटिंगमध्ये मूळ आकाराचा पर्याय शोधा. आधी टीव्हीच्या रिमोटवरचा ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ बंद करा. अनेकदा चोर घरातच असतो.

अपूबद्दल वाद काय होता?

अपू नहासपीमापेटिलॉन हा भारतीय दुकानदार. पहिलं नाव सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीवरून घेतलेलं. तो मेहनती आहे, उच्चशिक्षित आहे, ‘मच अपू अबाउट नथिंग’ (1996) मध्ये स्थलांतरितांच्या बाजूने त्याची गोष्ट फार चांगली सांगितली आहे. पण आवाज हँक अझेरिया यांचा, आणि ती नाटकी ढब अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलांना शाळेत चिडवायला वापरली गेली. हरी कोंडाबोलू यांच्या 2017 च्या माहितीपटाने हे स्पष्ट मांडलं. जानेवारी 2020 मध्ये अझेरिया यांनी हा आवाज सोडल्याचं सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की गौरेतर पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. अपू आता गर्दीत दिसतो, बोलत नाही.

आमचं मत: तक्रार रास्त होती. टीव्हीवर भारतीय चेहरा एकच असेल तर त्याच्यावर सगळ्या समाजाचं ओझं पडतं. मराठी घरात बघताना एक सूचना. अपू आणि मंजुळाच्या लग्नाच्या भागात (1997) लग्न मोडायला होमर गणपतीचं सोंग घेऊन येतो. काहींना ते बोचेल, आधी माहीत असलेलं बरं.

मालिकेने भविष्य सांगितलंय हे खरं का?

नाही. ‘बार्ट टू द फ्युचर’ (19 मार्च 2000) मध्ये राष्ट्राध्यक्ष लिसा म्हणते की आधीच्या ट्रम्प सरकारने तिजोरी रिकामी केली. पण ट्रम्प त्याच सुमारास रिफॉर्म पक्षाच्या उमेदवारीसाठी चाचपणी करत होते, म्हणजे कल्पना हवेतून आली नव्हती. ट्रम्प सरकत्या जिन्यावर दिसतात ते सगळीकडे फिरणारं चित्र तर 2015 चं, खरा प्रसंग घडून गेल्यावर बनवलेलं. 750 हून जास्त भागांत हजारो विनोद आहेत, त्यातले काही खरे ठरणारच.

व्हॉट्सअॅपवर असं चित्र आलं तर भागाचं नाव आणि प्रक्षेपणाची तारीख मागा. नाव मिळालं तर तो भाग लावून ती चौकट शोधा. जाड-बारीक जुनी रेषा आणि चौकोनी आकार नसतानाही चित्र 1990 च्या दशकातलं म्हणून सांगितलं असेल तर ते बनावट आहे.

गणित खरं असतं का?

अनेक लेखक गणित-विज्ञान शिकलेले आहेत, त्यामुळे फळ्यावर जे दिसतं ते विचारपूर्वक लिहिलेलं असतं. 1998 च्या ‘द विझर्ड ऑफ एव्हरग्रीन टेरेस’ मध्ये होमर लिहितो की 3987 चा 12 वा घात अधिक 4365 चा 12 वा घात बरोबर 4472 चा 12 वा घात. फर्माच्या सिद्धांतानुसार (घात 2 पेक्षा मोठा असेल तर पूर्ण संख्यांत अशी बेरीज कधीच जुळत नाही) हे अशक्य आहे. साध्या 10 अंकी कॅल्क्युलेटरवर बेरीज करून 12 वं मूळ काढलं तर मात्र 4472 च येतं, कारण फरक दशांशात फार पुढे आहे. चूक हाताने पकडता येते: 3987 आणि 4365 च्या अंकांची बेरीज 27 आणि 18, दोघांना 3 ने भाग जातो. 4472 ची बेरीज 17, भाग जात नाही. डावीकडे 3 ने भाग जातो आणि उजवीकडे जात नाही, मग दोन्ही बाजू सारख्या कशा असतील?

मुलांना दाखवावी का?

दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांना, सोबत बसून. दोन गोष्टी आधी स्वतः पाहा: दरवर्षीचे ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ हे हॅलोवीनचे भाग आणि ‘इची अँड स्क्रॅची’ हे मालिकेतलं कार्टून. दोन्हींत रक्तपात भरपूर आहे. होमर चिडून बार्टचा गळा धरतो, त्यावर मुलांशी बोलावं लागतं.

शेवटची नावं बघायची गरज आहे का?

हो. हॅलोवीनच्या भागांत सगळ्यांची नावं भुताटकीची करून लिहितात, ती वाचायला मजा येते. आणि निर्मात्यांमध्ये सॅम सायमन हे नाव शोधा. त्यांनी 1993 मध्ये मालिका सोडली, पण श्रेय आणि मानधन चालू राहिलं. आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळल्यावर त्यांनी आपली संपत्ती प्राण्यांच्या आणि भुकेल्यांच्या कामासाठी द्यायचं ठरवलं. मार्च 2015 मध्ये ते गेले. नाव अजूनही येतं.